दोन-अडीच डॉलरची सिगार आणि कपभर कॉफी

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी निकाराग्वात वळलेल्या, वरचे पान काळपट असलेल्या म्हणजे ‘माडुरो’ सिगारींचा वीस नगांचा गठ्ठा टपालाने मागवला आणि सिगारमागे साधारण अडीच डॉलर पडले. गठ्ठा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, पोटात काही नसताना, बिनसाखरेच्या काळ्या कॉफीबरोबर त्यांनी पहिली सिगार ओढली. पाव सिगार संपेपर्यंत जीभ पोळली, तोंड कडूजहर झाले आणि निम्म्यावर येईतो दरदरून घाम फुटून मळमळू लागले. पुढच्या दोन सिगारींची गतही तीच झाली. स्वस्त सिगार म्हणजे हे असेच असते काय, असे असेल तर उरलेल्या सतरा टाकून देऊन महिन्याकाठी एखादी महाग सिगार घ्यावी काय, आणि कॉफी कोणती प्यावी, असे त्यांनी विचारले आहे. घरी जायफळ घातलेली दुधाची कॉफी होते, पण ती सिगारबरोबर शोभत नाही असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे.

माझा जन्म निपाणीचा. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते, त्यामुळे पानाचा वास आणि त्याची ओल यांच्याशी माझी ओळख शाळेत जाण्याआधीपासूनची आहे. गेली वीस-बावीस वर्षे मी फ्लोरिडातील टॅम्पा शहरात सिगारच्या एका लहान दुकानात उभा राहतो आणि आमच्याकडे सर्वांत जास्त खपते ती दोन ते चार डॉलरची सिगारच. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देतो. त्या सतरा सिगारी टाकू नका. तुमच्या सिगारीत किमतीमुळे आलेला दोष फार थोडा होता. ती ओली होती आणि तुम्ही ती भराभर ओढलीत, हे खरे कारण आहे. ओल घालवायला थोडा धीर लागतो आणि घाई आवरण्याच्या कामी कॉफीइतकी मदत दुसऱ्या कशाचीच होत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण दुकानात ती गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, पण छातीत न घेतल्याने ती निरुपद्रवी ठरत नाही. सिगारच्या धुरातील निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतूनच रक्तात उतरते, कारण हा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका सिगारने वाढतो, यात कोणतीही शंका नाही. एका सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी तंबाखू असते, तर मोठ्या सिगारीत ५ ते २० ग्रॅम असू शकते. जो ओढत नाही त्याने हे वाचून सुरुवात करावी अशी माझी मुळीच इच्छा नाही. ज्याला हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे त्याने हा नाद करू नये. आणि जो ओढतोच त्याने आठवड्याला एक सिगार ही मर्यादा ठेवावी, तीही घराबाहेर, मुलाबाळांपासून दूर. मी स्वतः रविवारची एक ओढतो. कॉफीविषयीही एक सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सियसहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण म्हणून नोंदवली आहेत. तंबाखू ओढणाऱ्याची अन्ननलिका आधीच धोक्यात असते, म्हणून वाफाळलेली कॉफी घशाखाली ओतण्याची सवय त्याने तरी सोडलीच पाहिजे. पुढे आपण पाहू की चवीच्या दृष्टीनेही हेच योग्य आहे.

आता सिगार स्वस्त कशामुळे होते ते पाहू. सिगारीत तीन थर असतात: आतले भरण म्हणजे फिलर, त्याला बांधून ठेवणारे पान म्हणजे बाइंडर आणि वरचे देखणे पान म्हणजे रॅपर. महाग सिगारीत फिलर अखंड पानांचे असते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. स्वस्त सिगारीत पानांचे तुकडे असतात, किंवा थोडी अखंड पाने आणि मध्ये तुकडे असा मिश्र प्रकार असतो, ज्याला या धंद्यात ‘क्युबन सँडविच’ म्हणतात. यंत्रावर केलेल्या सर्वांत स्वस्त सिगारीत बाइंडर, आणि कधी रॅपरसुद्धा, तंबाखूच्या लगद्यापासून केलेल्या कागदासारख्या पत्र्याचा असतो. तुमचा गठ्ठा हातांनी वळलेला आहे, त्यामुळे ही शेवटची अडचण तुम्हाला नाही. हातांनी वळलेली सिगार केवळ रॅपरच्या रंगात थोडा फरक पडला म्हणून, किंवा लाकडी पेटीऐवजी सेलोफेनमध्ये गुंडाळून विकली म्हणून स्वस्त होते, हेही लक्षात ठेवावे. निकाराग्वातील एस्तेली आणि होंडुरासमधील दानली या गावांत ज्या कारखान्यांतून महाग पेट्या निघतात, त्यांपैकी पुष्कळांतून असे गठ्ठेही निघतात.

किमतीत कराचा वाटाही आहे. अमेरिकेचा केंद्रीय अबकारी कर मोठ्या सिगारवर विक्रीमूल्याच्या ५२.७५ टक्के आहे, पण तो एका सिगारमागे सुमारे ४० सेंटच्या वर जात नाही. त्यानंतर राज्याचा कर लागतो. फ्लोरिडात सिगारवर राज्याचा तंबाखू कर नाही, पेनसिल्व्हेनियातही नाही. तुमच्या न्यू जर्सीत आहे. त्यामुळे माझ्या दुकानात दोन डॉलरला मिळणारी सिगार तुमच्याकडे महाग दिसली तर ती अधिक चांगली आहे असे समजू नका.

तुकड्यांचे फिलर असलेल्या सिगारीचा स्वभाव मात्र ओळखून घ्यावा लागतो. तुकड्यांमध्ये फटी अधिक, फटींतून हवा अधिक, आणि हवा अधिक म्हणजे निखारा अधिक तापतो. अखंड पानांची सिगार घाईघाईने ओढली तरी ती काही काळ सांभाळून घेते. तुकड्यांची सिगार तसे करत नाही; दोन झुरके लागोपाठ घेतले की धूर तापतो, आणि तापलेल्या धुराला चव अशी राहतच नाही, नुसता कडूपणा आणि जिभेला चटका उरतो. स्वस्त सिगार वाईट म्हणून जी बदनाम होते ती बहुतेक वेळा या तापामुळे.

ओलीचा प्रश्न याहून मोठा आहे. सिगारची पाने कारखान्यात मोठमोठ्या थप्प्या रचून मुरवतात. या थप्प्यांना स्पॅनिशमध्ये ‘पिलोन’ म्हणतात. थप्पीच्या पोटात आपोआप उष्णता निर्माण होते, अमोनिया बाहेर पडतो, थप्पी मोडून आतली पाने बाहेर आणि बाहेरची आत अशी पुन्हा रचतात, आणि हे महिनोन्‌महिने चालते. महाग सिगारीचे पान अधिक मुरते आणि वळून झाल्यावरही सिगार कारखान्यात दीर्घकाळ विसावते. स्वस्त सिगारीला एवढा वेळ देणे कारखान्याला परवडत नाही. ती वळली की गठ्ठ्यात बांधली जाते आणि ओलसर असतानाच निघते. लोणचे घालून दुसऱ्याच दिवशी पानात वाढावे तसे हे आहे. तुमच्या सिगारीला पेटवण्यापूर्वी गोठ्यात येतो तसा उग्र वास येत होता काय, हे आठवून पाहा. तो वास अमोनियाचा असतो आणि तो असेपर्यंत त्या सिगारीला हात लावू नये.

म्हणजेच कारखान्याने वाचवलेला वेळ आपण घरी द्यायचा असतो. गठ्ठ्याचे बाहेरचे प्लास्टिक काढून टाका, पण प्रत्येक सिगारीवरचे सेलोफेन राहू द्या, कारण सेलोफेनमधून ओल हळूहळू आत-बाहेर करते आणि रॅपरचे संरक्षणही होते. घट्ट झाकणाची काचेची बरणी किंवा जेवणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्याला मसाल्याचा वास नसावा, ही एकच अट आहे. ज्या डब्यात कधी गोडा मसाला होता तो डबा दहा वेळा धुतला तरी चालत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. त्यात ६५ टक्के आर्द्रता राखणारी पुडी टाका. या पुड्या हवेतील ओल वाढली तर शोषून घेतात आणि कमी झाली तर सोडतात, आणि पाच-सहा डॉलरची एक पुडी काही महिने टिकते. ६९ किंवा ७२ टक्क्यांच्या पुड्याही मिळतात, पण स्वस्त सिगारला त्या घेऊ नका. डबा घरातल्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, दोन आठवड्यांनी एकदा उघडून हवा बदलू द्या, आणि चार आठवडे सिगारींना हात लावू नका. अमोनियाचा वास असेल तर दोन-तीन महिने थांबा. डबा उन्हाच्या खिडकीत किंवा गाडीत ठेवल्यास आणखी एक संकट येते: तंबाखूत एक बारीक तपकिरी भुंगा असतो, घरातल्या हळदीला आणि धण्यांना लागतो तोच, आणि उष्णता वाढली की पानातली त्याची अंडी उबतात. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखे गोल भोक दिसले तर ती सिगार वेगळी काढावी आणि बाकीच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवून, मग एक दिवस फ्रिजमध्ये ठेवून, हळूहळू खोलीच्या तापमानाला आणाव्यात.

सिगार ओढण्याजोगी झाली की नाही हे कळण्यासाठी यंत्राची गरज नाही. निपाणीच्या वखारीत माझे वडील पान उचलून कानाजवळ धरत आणि बोटांत हलकेच दाबत. कोरडे पान कुरकुर वाजून चुरा होई, ओले पान मुकाट्याने दुमडे, आणि जे पान वाजण्याच्या बेतात असूनही मोडत नसे त्याला ते ‘आले’ म्हणत. त्या एका शब्दाची मला आजही फार किंमत वाटते. सिगारीचेही असेच करावे. सेलोफेन काढून, अंगठा आणि तर्जनी यांत धरून, पायाकडून म्हणजे पेटवायच्या टोकाकडून, डोक्याकडे म्हणजे तोंडात धरायच्या टोकाकडे, हळूहळू दाबत न्यावी. स्पंजासारखी दबून परत वर आली आणि अगदी बारीक कुरकुर ऐकू आली तर ती आली. दाबली ती दबलेलीच राहिली तर तिला डब्याबाहेर, कागदावर, एक रात्र ठेवावी. तुमच्या तीनही सिगारी दबून राहणाऱ्या असणार, असे मला खात्रीने वाटते.

आता कॉफीकडे वळतो, आणि त्यासाठी टॅम्पाचा थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण स्वस्त सिगार आणि कॉफी यांची जोडी मी या गावात शिकलो. १८८५ साली व्हिसेंते मार्तिनेस इबोर या कारखानदाराने येथे जागा घेतली आणि त्याच्या नावाने इबोर सिटी ही वस्ती उभी राहिली. क्यूबातून, स्पेनमधून आणि सिसिलीतून कामगार आले. कारखान्यात उंच आसनावर बसून वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक असे आणि त्याचा पगार कामगार वर्गणीतून देत. १९३१ साली मालकांनी वाचकांना बंदी केली, त्यावरून संप झाला, आणि त्याच सुमारास यंत्रे, मंदी आणि सिगारेट यांनी हा धंदा खचवला. १९१० साली बांधलेला, घड्याळाच्या मनोऱ्याचा एक कारखाना मात्र आजही चालू आहे आणि तेथे जुन्या यंत्रांवर अजूनही माफक किमतीच्या सिगारी निघतात. हे कामगार काही महाग सिगार ओढणारे नव्हते. स्वतः वळलेली, तुकड्यांची, साधी सिगार आणि तिच्याबरोबर गोड, दाट क्युबन कॉफी हीच त्यांची रीत होती, आणि त्यांची नातवंडे आज माझ्या दुकानात येऊन तेच करतात.

ही कॉफी कशी करतात ते नीट पाहण्यासारखे आहे. काळपट भाजलेल्या बियांची बारीक पूड मोका पॉटमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणाऱ्या चुलीवरच्या भांड्यात, भरून ते मंद आचेवर ठेवतात. एका वाटीत कपामागे चमचाभर या हिशेबाने साखर घेतात. कॉफी वर येऊ लागली की पहिले काही थेंब, फार तर चमचाभर, त्या साखरेवर टाकतात आणि चमच्याने जोरात फेटू लागतात. प्रथम तपकिरी ओला चिखल दिसतो, मग तो दाटतो, मग रंग उजळत जातो, आणि मिनिट-दोन मिनिटांत चमच्यावरून सावकाश घसरणारी, फिकट पिवळसर, लोण्यासारखी साखर तयार होते. थेंब जास्त पडले तर ती कधीच दाटत नाही. म्हणून मोका पॉटच्या तोटीकडे डोळा लावून उभे राहावे लागते. उरलेली कॉफी त्यावर ओतली की फेस वर तरंगतो. या फेसाला येथे ‘एस्पुमिता’ म्हणतात. सकाळी यातच उकळीला आलेले दूध घातले की ‘काफे कोन लेचे’ होते.

स्वस्त सिगारीला ही कॉफी मानवते याची कारणे साधी आहेत. स्वस्त सिगारीत गोडवा कमी आणि उग्रपणा अधिक असतो. कॉफीतली साखर तो उणेपणा भरून काढते. तंबाखू मुरताना आणि कॉफी भाजताना निर्माण होणारे वास एका कुळातले आहेत: भाजलेला पाव, कोको, जळकी साखर, ओली माती. त्यामुळे दोन्हींत झगडा होत नाही. शिवाय रिकाम्या पोटी ओढलेल्या सिगारने जो घाम फुटतो आणि मळमळते तो निकोटिनचा अतिरेक असतो, आणि पोटात अन्न व साखर असली की तो त्रास कमी होतो, असा आम्हा सर्वांचा रोजचा अनुभव आहे. बिनसाखरेची काळी कॉफी वाईट नाही, पण ती अखंड पानांच्या, चांगल्या मुरलेल्या सिगारीजवळ शोभते, कारण तेथे गोडवा सिगारच पुरवते. कमी भाजलेली, आंबटसर, फळांच्या वासाची कॉफी मात्र स्वस्त माडुरोबरोबर पिऊ नये. आंबटपणा आणि तंबाखूचा खारटपणा मिळून तोंडात तांब्याचे भांडे चाटल्यासारखी चव येते.

तुमच्या जायफळाच्या कॉफीबद्दल ज्यांनी नाक मुरडले त्यांनी ती सिगारबरोबर पिऊन पाहिली नसावी. दुधाचा स्निग्धपणा जिभेवर पातळ लेपासारखा बसतो आणि धुराची धार त्यामुळे बोथट होते. दूध, साखर आणि जायफळ यांना जड माडुरो थोडी दडपते, हे खरे आहे. या कॉफीला फिकट रंगाच्या कनेटिकट रॅपरची सौम्य सिगार किंवा कॅमेरून रॅपरची सिगार फार छान लागते. कॅमेरूनच्या पानात मुळातच गरम मसाल्याकडे झुकणारा सुवास असतो आणि जायफळ त्याला असे उचलून धरते की मला दर वेळी नवल वाटते. माझी आई येथे आली होती तेव्हा तिने केलेल्या जायफळाच्या कॉफीबरोबर अंगणात बसून ओढलेली साडेतीन डॉलरची कॅमेरून सिगार ही माझ्या आयुष्यातल्या उत्तम सिगारींपैकी एक आहे, आणि यात आईच्या मायेचा भाग किती हे मी वेगळे काढू इच्छित नाही. पुढच्या वेळी गठ्ठा घ्याल तेव्हा पाच इंच लांब आणि पन्नास रिंगची, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर जाडीची, कनेटिकट किंवा कॅमेरून रॅपरची सिगार पाहा. फार बारीक सिगार तुकड्यांच्या फिलरने लवकर तापते.

प्रत्यक्ष ओढताना क्रम महत्त्वाचा आहे. आमच्या दुकानात एक वृद्ध क्युबन गृहस्थ येतात, उमेदीची वर्षे सिगार वळण्यात घालवलेले. ते न्याहारी करून येतात. कॉफी समोर आली की सिगार बशीच्या कडेला ठेवतात आणि कॉफी अर्धी होईपर्यंत तिला शिवत नाहीत. मग टोपीचा, म्हणजे डोके झाकणाऱ्या पानाच्या तुकड्याचा, जेमतेम दोन मिलिमीटर भाग कापतात, कारण तुकड्यांच्या सिगारीचे डोके जास्त कापले की चुरा तोंडात येतो. न पेटवता दोन-तीन वेळा हवा ओढून पाहतात. नंतर लांब काडी पेटवून, गंधक जळून जाऊ देऊन, ज्योत सिगारीच्या पायाला न लावता थोडी खाली धरून, सिगार बोटांत फिरवत, कडेने राखाडी वर्तुळ पूर्ण होईपर्यंत शेकतात. या सगळ्याला त्यांना दोन मिनिटे लागतात. पहिला झुरका घेतल्यावर ते सिगार खाली ठेवतात आणि कॉफीचा घोट घेतात. पुन्हा झुरका घ्यायला निदान एक मिनिट जाते, कधी दोन. त्या मिनिटात ते बोलतात किंवा रस्त्याकडे पाहतात. घोटाशिवाय झुरका नाही, हा त्यांचा नियम आहे, आणि उरलेली अर्धी कॉफी त्यांना पाऊण तास पुरते.

हा नियम तुम्ही उचला. कॉफीचा कप हे तुमचे घड्याळ आहे असे समजा. कप लवकर रिता झाला तर तुम्ही भराभर ओढत आहात. कॉफी निवत जाते याची चिंता नको. कोमट कॉफीत गोडवा अधिक स्पष्ट लागतो, पोळलेल्या जिभेला धुराची चव कळत नाही, आणि वर सांगितलेला आरोग्याचा मुद्दा आहेच. जवळ साधे पाणीही ठेवा, कारण कॉफी आणि धूर दोन्हींनी तोंडाला कोरड पडते. सिगार सावकाश ओढताना विझली तर विझू द्या. पुन्हा पेटवण्यापूर्वी राख झाडून तिच्यातून एकदा बाहेर फुंका, म्हणजे आत साचलेला शिळा धूर निघून जातो, आणि मग पेटवा. सिगार वारंवार विझते म्हणून जोरजोरात झुरके मारणारे पुष्कळ लोक मी पाहतो आणि त्यांची जीभ हमखास पोळते. नोव्हेंबरात घरामागच्या ओट्यावर वाऱ्यात बसलात तरी हेच होईल, कारण वारा तुमच्यासाठी झुरके घेत असतो. आडोसा पाहून बसा.

शेवटच्या तिसऱ्या भागाविषयी माझे मत ठाम आहे. ओढलेल्या धुरातील डांबर आणि ओल मागच्या भागात साचत जाते आणि स्वस्त सिगारीत ती लवकर साचते. अंगठ्याएवढी उरेपर्यंत ओढण्याचा हट्ट येथे करू नये. कॉफी संपली, धुराला कडवट धार आली, की सिगार राखपात्रात ठेवून द्यावी. ती आपोआप विझते, चिरडली तर घाण वास सुटतो. अडीच डॉलरच्या सिगारीचा मोठा गुण हाच आहे की ती वेळेवर सोडताना जीव अडकत नाही. वीस डॉलरची सिगार माणूस पैसे वसूल करण्यासाठी शेवटपर्यंत ओढतो आणि शेवटची दहा मिनिटे नाहक सोसतो.

पुण्या-मुंबईकडून हाच प्रश्न आला तर उत्तर थोडे बदलेल, कारण तेथे आयात सिगार स्वस्त मिळणे कठीण आहे. तेथे स्वस्ताईची खरी वस्तू म्हणजे तमिळनाडूची चिरूट. आपला चिरूट हा शब्दच तमिळ ‘सुरुट्टु’वरून आला आहे आणि त्याचा अर्थ गुंडाळी. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगल यांच्या आसपास हा जुना धंदा आहे. चिरूट दोन्ही टोकांना कापलेली असते, त्यामुळे कातरीची गरज नाही, पण ती तुमच्या निकाराग्वाच्या सिगारीपेक्षाही उग्र असते. जेवणानंतर, चिकोरी घातलेल्या, दूध-साखरेच्या फिल्टर कॉफीबरोबर, अर्धीच ओढावी. सार्वजनिक जागी धूम्रपानाला भारतात २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे हेही ध्यानात ठेवावे. इटलीतले लोक तोस्कानो नावाची धुरावर वाळवलेली कडक सिगार मध्ये कापून अर्धी-अर्धी ओढतात आणि बरोबर एस्प्रेसो घेतात. ती कोरडी असल्याने तिला डब्याची आणि पुडीची गरज पडत नाही.

आता तुमच्या सतरा सिगारींकडे परत येतो. त्यांना आज डब्यात घाला आणि डब्यावर तारीख लिहून ठेवा. महिन्याने एक काढा, दाबून पाहा, पायाचा वास घ्या. उग्र वास गेला असेल तर पोहे किंवा उपमा खाऊन, माडुरो आहे म्हणून गोड, दाट कॉफी करून, अर्धी कॉफी झाल्यावर ती पेटवा. वास गेला नसेल तर परत आत ठेवा आणि आणखी एक महिना थांबा. माझ्याकडे अशाच एका गठ्ठ्यातल्या चार सिगारी गेल्या वर्षीच्या दसऱ्यापासून डब्यात आहेत. पहिली मी घाईने ओढली होती आणि अर्धी टाकून दिली होती. गेल्या रविवारी त्यांतली एक काढली तेव्हा सेलोफेन पिवळसर झाले होते आणि पायाला मनुकांसारखा वास येत होता.